दोन ग्राफिक्स कार्ड लावली की गेम दुप्पट पळतो का?

झरीहून एका मित्राचा प्रश्न आलाय: "दादा, पीसीत एक ग्राफिक्स कार्ड आहे. तसलंच जुनं दुसरं स्वस्तात मिळतंय. घेऊ का?"

सरळ सांगतो, नको घेऊस.

एनव्हिडियाने २००४ मध्ये एसएलआय आणलं, एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर. बहुतेक वेळा दोन कार्डं आळीपाळीने एकेक फ्रेम काढायची. पण फ्रेम सारख्या अंतराने येत नसत. त्यामुळे एफपीएसचा आकडा मोठा दिसला, तरी गेम अडखळायचा. मेमरीचीही बेरीज होत नाही. ८ जीबीची दोन कार्डं लावली, तरी गेमला ८च मिळतात, कारण दोन्हींत तोच डेटा भरावा लागतो. त्यात २०२१ पासून एनव्हिडियाने नवीन एसएलआय प्रोफाइल देणं थांबवलं. आजचे बहुतेक गेम दुसरं कार्ड वापरतच नाहीत. वर मोठा एसएमपीएस लागणार, आणि परभणीच्या उन्हाळ्यात गरमी वाढणार ती वेगळीच.

मग करायचं काय? आधी फुकटचं करा. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन ग्राफिक्स असतात: एक प्रोसेसरमधलं, एक वेगळं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जा, गेम निवडा आणि 'हाय परफॉर्मन्स' करा. पीसी असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, कार्डालाच लावलीय ना, ते बघा.

एवढं करूनही गेम अडकला, तर जुनं कार्ड विका, त्यात थोडी भर टाका आणि एकच चांगलं घ्या. घरच्यांच्या कष्टाचे पैसे आहेत, जपून वापरा. भेटू पुढच्या भागात!