साडेचार तास की साडेचौदा?



मी अजून विमानात पाऊल ठेवलेले नाही. तरी आज विमानाच्या वेळेविषयी बोलणार आहे; कारण त्या वेळेवरून आमच्या घरी रडारड झालेली आहे.

आमच्या वन्सं लंडनला असतात. गेल्या डिसेंबरात सासूबाई न्हाणीघरात घसरल्या व खुब्याचे हाड मोडले. फोन करताच वन्सं म्हणाल्या, “उद्याच्या विमानाने निघते.” साताऱ्याच्या इस्पितळात सासूबाईंची नजर दारावरून हलेना. मागे वन्सं परत गेल्या, तेव्हाचे तिकीट त्यांनी स्वतः वाचलेले होते. मुंबईहून रात्री २ वाजता सुटून लंडनला सकाळी ६॥ ला. या खेपेचे मात्र रात्री ९ ला सुटून दुसऱ्या दिवशी ११॥ ला मुंबई. “जायला साडेचार तास आणि आईकडे यायला साडेचौदा? मुद्दाम लांबचे विमान धरले तिने!” असे म्हणून त्या रडू लागल्या.

मी मुलाचा शाळेतला पृथ्वीचा गोल मागवला. तिकिटावर ज्या त्या गावचे घड्याळ असते, आणि हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे (उन्हाळ्यात ते साडेचार तासच मागे असते). म्हणजे जाताना साडेचारात साडेपाच मिळवायचे, झाले दहा. येताना साडेचौदातून साडेपाच वजा, उरले नऊ. “म्हणजे यायलाच कमी?” सासूबाईंनी डोळे पुसले. तर हो! दहा-एक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी दोनशे किलोमीटरचा. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर.

मग गोलावर दोरा ताणून दाखवला. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. दोरा कराची, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा जातो. विमानाला मात्र दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्धामुळे युक्रेनचे आकाश बंद झाले, २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. मग वळसा आला. तरी १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ प्रथम लंडनला गेले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे उतरत गेले होते, हे ऐकून सासूबाईंना जरा बरे वाटले.

पण नऊ तास हे नुसते आकाशातले. वन्सं घरातून निघाल्या तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १० झाले होते. विमानतळावर तीन तास आधी हजर; मुंबईला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामान, आणि पुढे साताऱ्यापर्यंत अडीचशे किलोमीटर, त्यात घाटातली कोंडी. खोलीच्या दारात त्या उभ्या राहिल्या तेव्हा संध्याकाळचे ७ वाजले होते. एकवीस तास! बूटही काढले नव्हते बिचारीने.

सासूबाईंनी तिचा हात धरला व म्हणाल्या, “आलीस? मला वाटलं, वारा पडला की काय!”