नव्या मिशनऱ्याचे पहिले वर्ष
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. महोत्सवाच्या भाषणात इमारतींचा व देणगीदारांचा उल्लेख करण्याची रीत आहे. परंतु ती नावे या पुस्तिकेत अन्यत्र छापली आहेतच. यास्तव आम्ही एका तरुण मिशनऱ्याच्या पहिल्या वर्षाची हकीकत सांगू इच्छितो. तो मिशनरी म्हणजे आम्हीच. आणि हकीकत पराक्रमाची नसून चुकीची आहे.

आमच्या पूर्वी या भूमीत ज्यांनी नांगर धरला त्यांचे स्मरण प्रथम केले पाहिजे. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाने त्यास पित्याच्या हवाली केले. त्यास पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून मोठे वादळ उठले, तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलाची बाजू घेतली. एका घराचे असे दोन भाग झाले. पुढे नारायणरावांनी जालन्यास कार्य आरंभिले, निजामाचे दिवाण सालारजंग यांजकडून जमीन मिळविली आणि गोरगरीब ख्रिस्तीजनांसाठी बेथेल नावाची वसाहत उभारली. ते प्रोटेस्टंट पंथाचे, आम्ही कॅथॉलिक; तथापि ज्याने दुसऱ्यासाठी घाम गाळला त्यास नमस्कार करण्यास पंथ आड येत नाही. आपल्या मंडळीच्या बाजूने पाहता, फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरू 1846 साली युरोपातील सव्हॉय प्रांतातून विशाखापट्टणास उतरले. त्यांच्या विस्तीर्ण क्षेत्रातूनच 1887 साली नागपूर, 1955 साली अमरावती आणि 1977 साली औरंगाबाद असे धर्मप्रांत क्रमाने निर्माण झाले.

आम्ही स्वतः वसईकडचे. पुण्याच्या पेपल सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून, सत्ताविसाव्या वर्षी, 1995 च्या जूनमध्ये या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एस. टी. मधून उतरलो. जवळ एक पत्र्याची पेटी, मिस्सेचे साहित्य आणि पुष्कळसा आत्मविश्वास. राहावयास पत्र्याच्या छपराची एक खोली. पाच खेड्यांत मिळून ख्रिस्ती घरे अकरा. त्यांची ओळख करून देण्यास एक वृद्ध मास्तर होते; त्यांची सायकल आमच्याहून वयाने मोठी असावी!

पहिल्या रविवारी आम्ही तयारीने प्रवचन केले. फादर स्टीफन्स यांनी 1616 साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले, आणि समर्थ रामदासांचा जन्म 1608 साली याच जिल्ह्यातील जांब येथे झाला, असा सुंदर मेळ आम्ही जुळविला होता. मिस्सा संपल्यावर एक आजीबाई म्हणाल्या, ‘फादर, लई चांगलं वाचलं. आता आमच्यासंगं कधी बोलनार?’ आम्ही हसलो. परंतु तो प्रश्न किती खोल होता हे पुढे कळले.

त्याच आजींच्या घरी श्रावणात नातू झाला. मुलाचा बाप सप्टेंबरात आला आणि दाराशी उभा राहून म्हणाला, ‘फादर, लेकराला पाणी द्या, पर वहीत नाव लिवू नका.’ आम्हांस संताप आला. बाप्तिस्म्याची नोंद करणे हा मंडळीचा कायदा आहे, हे आम्ही शिकलो होतो. मनुष्य असे का म्हणतो, हे विचारण्यास शिकलो नव्हतो. आम्ही म्हणालो, ‘ज्यास ख्रिस्ताची लाज वाटते, त्याच्या लेकरास बाप्तिस्मा मिळणार नाही.’ तो काही बोलला नाही. पायांत वहाणा घातल्या आणि निघून गेला. पुढील रविवारी ते घर मिस्सेस आले नाही. त्यानंतरच्या रविवारीही नाही.

मास्तरांनी आठ दिवस वाट पाहिली आणि मग आम्हांस समोर बसवून समजावून सांगितले. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली त्यांत शिखांचा व 1990 साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती झालेला दलित मात्र बाहेरच राहिला. गावाने त्यास निराळे पाणी दिले ते दिलेच, आणि सरकारदरबारी त्याची जात पुसली गेली! 2007 साली न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली, परंतु ती पुढची गोष्ट. मास्तर म्हणाले, ‘फादर, त्याला ख्रिस्ताची लाज नाही. त्याला लेकराच्या शाळेची काळजी आहे.’

आम्ही क्षमा मागण्यास निघेपर्यंत दिवाळी होऊन गेली होती. घरास कुलूप. मुकादमाकडून उचल घेतलेली, म्हणून सारे कुटुंब तान्ह्या लेकरासह ऊसतोडीस गेले होते. नवराबायकोचा मिळून एक कोयता. लेकरू आजीपाशी, पाचटाच्या कोपीत. तो हिवाळा आम्हांस फार लांब वाटला. वेदीपाशी हात उचलताना ते कुलूप डोळ्यांपुढे येई.

1996 साली पुनरुत्थानाचा सण होऊन गेल्यावर ती माणसे परतली. आम्ही पायी त्यांच्या घरी गेलो. आम्ही क्षमा मागण्यास तोंड उघडणार तोच आजी भीत भीत म्हणाल्या, ‘फादर, फडावर लेकरू फणफणलं व्हतं. दवाखाना दूर. मास्तरानं शिकिवलं व्हतं तसं म्या तांब्यानं पानी घातलं. बापाच्या, पुत्राच्या आन् पवित्र आत्म्याच्या नावानं. आमचं चुकलं का?’

लेकरू त्यांच्या मांडीवर खेळत होते. ख्रिस्तजनहो, मरणाच्या संकटात कोणीही मनुष्य योग्य हेतूने हा संस्कार देऊ शकतो आणि तो पुन्हा द्यावयाचा नसतो, हे आम्ही परीक्षेत अचूक लिहिले होते. त्या दिवशी त्याचा अर्थ समजला. जे आम्ही दारातून परतविले, ते प्रभूने एका निरक्षर म्हातारीच्या हातून पूर्ण केले. आम्ही म्हणालो, ‘आजी, तुमचे काही चुकले नाही. आमचे चुकले.’

मग मुलाच्या बापाजवळ बसून आम्ही सांगितले की, ही वही देवाच्या घरची आहे; ती कचेरीत मिरविण्यासाठी नाही. नोंद टाळणे आमच्या हाती नाही. खोटे बोला असेही आम्ही सांगणार नाही. परंतु तुमच्या ओझ्याला बोट लावल्यावाचून उपदेश करणार नाही. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, ‘लिवा. पर पानी आईनं घातलं, तर तिचंबी नाव लिवा.’ राहिलेले विधी आम्ही पुढच्या रविवारी केले: पवित्र तेल, शुभ्र वस्त्र, पेटती मेणबत्ती. आणि संस्कार देणाऱ्याच्या रकान्यात आजींचे नाव लिहिले. आमच्या हातची तेथील ती पहिली नोंद.

ते लेकरू आज कोठे आहे हे आम्ही सांगणार नाही; सांगण्याचा अधिकार त्याचा आहे. आजी व मास्तर प्रभूच्या ठायी विसावले. आज या वेदीसमोर जे तरुण गुरुमठात जाण्याचा विचार करीत बसले असतील, त्यांस आमचे एवढेच मागणे: जेथे पाठविले जाल तेथे प्रभू तुमच्या अगोदर पोहोचलेला असतो. त्यास प्रथम शोधा, आणि प्रवचन मागाहून करा.

प्रभू या धर्मग्रामास, त्यातील प्रत्येक घरास, आणि विशेषेकरून आज कुलूप असलेल्या घरांस आशीर्वाद देवो. आमेन.