विद्यापीठाचा रेडिओ आणि आपला आवाज

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



माझी ओळख आत्ता ‘रेडिओवाला’ अशी करून दिली. खरं तर रेडिओत मी नोकरी कधीच केली नाही. विद्यापीठाच्या केंद्रावर दोन वर्षं हौसेनं काम केलं, एवढंच. पण त्याची सुरुवात या शाळेच्या परिपाठात झाली, म्हणून आज त्यावरच बोलतो.

रेडिओ आपल्या घरोघरी होता. १९६३ साली आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं आणि आपल्या आई-वडिलांच्या पिढीनं त्यावर घड्याळं लावली. एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे माझे वडील रेडिओ ऐकतच डबा भरून घ्यायचे. पण रेडिओवर बोलणारी माणसं आपल्यातली नसतात, असंच वाटायचं. परिपाठात बातम्या वाचताना माझ्या ‘ण’चा ‘न’ व्हायचा आणि मागून खसखस पिकायची. (पिकवणारे आज पुढच्या रांगेत बसलेत!) सरांनी मात्र मला कधी बसवलं नाही. म्हणायचे, “आधी शेवटच्या रांगेपर्यंत पोचू दे, शुद्ध नंतर होईल.”

पुढे एका ठिकाणी निवेदकाच्या चाचणीला गेलो. दोन ओळींतच थांबवलं. “भाषा गावाकडची आहे.” त्यानंतर मी माइकचं नाव काढलं नाही.

मग पुणे विद्यापीठात शिकायला गेलो. तिथं २००५ साली ‘विद्यावाणी’ सुरू झाली होती, १०७.४ एफएमवर. अशी केंद्रं सहजासहजी आलेली नाहीत. १९९५ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठानं निकाल दिला, की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यानंतर सात वर्षांनी, २००२ च्या अखेरीस, सरकारनं शिक्षणसंस्थांना रेडिओची परवानगी दिली. २००४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सर्वांत आधी सुरू झालं. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागानं शंभर वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेतून शेतकऱ्यांसाठी हवामानाचा अंदाज प्रसारित केला होता. आपल्याला उशीर झाला, पण झालं.

या केंद्रांची ताकद किती? शंभर वॅट. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी! दहा-बारा किलोमीटरच्या पलीकडे आवाज जात नाही. त्यात स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. मग उरलं काय? आसपासची माणसं आणि त्यांचं बोलणं. मला तर वाटतं, ती बंदी आमच्या पथ्यावरच पडली.

माझं पहिलं काम होतं बागेत राबणाऱ्या एका मावशींची मुलाखत. मी जिभेला ताण देऊन शुद्ध प्रश्न विचारत होतो आणि मावशी ‘हो’, ‘नाही’ एवढंच बोलत होत्या. शेवटी त्यांनीच विचारलं, “तुमी कुठलं?” म्हटलं, “कुपवाडचा.” त्या जतच्या निघाल्या. “मग आपल्यासारखं बोला की!” पुढची वीस मिनिटं त्या थांबल्याच नाहीत. दुष्काळ, छावणी, पोरींची शिक्षणं, सगळं आलं. त्या दिवशी कळलं, की माझी भाषा अडचण नव्हती. मावशींच्या मनाचं दार तिनंच उघडलं.

२००६ साली सामाजिक संस्थांनाही अशी केंद्रं चालवायची मुभा मिळाली. शेजारच्या साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ त्याच वाटेनं आलं.

आता शेवटचं. परिपाठवाले सर आज आपल्यात नाहीत. ते गेले तेव्हा मी त्यांचा आवाज शोधला. फोटो मिळाले, त्यांच्या अक्षरातलं प्रगतिपुस्तक मिळालं. आवाज कुठेच नव्हता. अनोळखी माणसांचे आवाज मी दोन वर्षं जपत होतो आणि ज्यांनी मला बोलायला उभं केलं, त्यांच्याकडे यंत्र घेऊन एकदाही गेलो नाही. ही चूक माझी आहे.

म्हणून एक विनंती. परवाना, मनोरा काही नको. जेवणानंतर पाचवी ‘ब’च्या खोलीत मी दोन मोबाइल घेऊन बसणार आहे. बाई, सर, आपण प्रत्येकानं दहा मिनिटं द्यावीत. शिपाईमामा, तुम्ही पण. घंटेच्या आठवणी तुमच्याशिवाय कोण सांगणार?

आणि मित्रांनो, बोलताना ‘ण’ची काळजी करू नका. आधी पोचू दे.