‘ऐकत नाही’ म्हणण्याआधी

(मोहल्ल्यात अभ्यासवर्ग चालवणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



तुम्ही बहुतेक जण कॉलेज किंवा नोकरी सांभाळून संध्याकाळी मुलांचे अभ्यासवर्ग घेता. मी बावीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर अशा वर्गांना भेटी देत असते. भेटीत मी हजेरीचं रजिस्टर पुढ्यात घेते आणि एकेका मुलाबद्दल विचारते. उत्तरं साधारण सारखीच येतात. हा हुशार आहे. ही लाजाळू आहे. हा फार मस्तीखोर. त्याचं लक्षच नसतं. तो अजिबात ऐकत नाही.

ही सगळी आपली मतं आहेत. मुलानं नेमकं काय केलं, कधी केलं, हे त्यात कुठेच नाही. आज मला तुमच्याशी एवढ्याच विषयावर बोलायचं आहे. शाळेत जाणाऱ्या, म्हणजे सहा ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचं शरीर, मन आणि त्याचं चार जणांतलं वागणं कसं पाहायचं, आणि पाहिलेलं कसं लिहून ठेवायचं.

हे शिकायचं कशाला? २००६ साली सच्चर समितीनं सांगितलं होतं की ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर कधी शाळेत गेलेली नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. तेव्हापासून काळ बदलला आहे, आईवडील मुलांना शाळेत घालतात. तरी सहावी-सातवीनंतर कोण गॅरेजवर दिसू लागतं आणि कोण घरात टिकल्या लावत बसतं, हे तुम्ही आपापल्या गल्लीत पाहता. कारण विचारलं की ‘गरिबी’ असं एका शब्दात उत्तर मिळतं. गरिबी खरीच आहे. पण शाळा एका दिवसात सुटत नाही. त्याआधी कित्येक महिने मूल काहीतरी दाखवत असतं. ते रोज पाहणारा माणूस कोण? साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांना ते दिसेलच असं नाही. बारा तास राबणाऱ्या अब्बांनाही नाही. वीस मुलांमध्ये रोज दीड तास बसणारे तुम्ही आहात.

एक उदाहरण सांगते. तिसरीतला एक मुलगा होता. आई म्हणायची, ‘ये सुनताच नहीं.’ शाळेत तेच, वर्गावरही तेच. आपल्या मराठीत ‘ऐकत नाही’चे दोन अर्थ होतात, आणि सगळ्यांनी त्यातला एकच धरला होता. त्या वर्गावरच्या ताईला मी म्हटलं, आठ दिवस त्याच्याबद्दल मत देऊ नकोस, फक्त लिही. तिनं लिहिलं: ‘मागून हाक मारली, वळला नाही. समोर जाऊन तेच सांगितलं, लगेच वही काढली. पंखा चालू असताना तीनदा "क्या?" म्हणाला. मी बोलताना माझ्या ओठांकडे बघतो. डावीकडे मान वळवून ऐकतो.’ मग घरी चौकशी केली. पाचव्या वर्षापासून त्याचा डावा कान वाहत होता, आणि घरचे त्यात कोमट तेल घालत होते. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्याला भोक होतं. उपचार सुरू झाले, तेल बंद झालं. शाळेत त्याला पुढच्या बाकावर, उजवा कान शिक्षकांकडे येईल असं बसवलं. तो काही एका महिन्यात वर्गात पहिला आला नाही. पण बिनकामाचा मार आणि ‘बदमाश’ हे नाव, दोन्ही थांबलं.

या ओळींमध्ये एकही विशेषण नव्हतं. निरीक्षण म्हणतात ते हेच. तारीख, वेळ, जागा, मूल काय करत होतं, काय म्हणालं. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘पेन्सिल फेकली, वही बंद केली, दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसला’ असं लिहा. का केलं, याचा तुमचा अंदाज खाली वेगळ्या ओळीत लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका. शाळांमध्ये २०१० पासून सातत्यपूर्ण मूल्यमापन आलं, त्यात शिक्षकांनी मुलांच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. कल्पना उत्तम होती. पण तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर फिरू लागल्या आणि बऱ्याच ठिकाणी चाळीस मुलांच्या नावापुढे तीच चार वाक्यं उतरली. आपल्याला तसं करायचं नाही.

आता शरीराकडे वळू. सहाव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल साधारणपणे वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतं आणि त्याचं वजन २ ते ३ किलोंनी वाढतं. वर्गाच्या भिंतीवर एक पट्टी रंगवा. दर तीन महिन्यांनी, अनवाणी उभं करून, उंची घ्या आणि वहीत लिहा. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका, त्याच मुलाची मागची नोंद बघा. वर्षभरात ४ सेंटिमीटरही वाढ नसेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

डोळे बारीक करून फळा पाहणं, वही नाकाशी धरणं, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं, तोंडानं श्वास घेणं, कान खाजवणं, जिना चढताना धाप लागणं, हे टिपा. खालची पापणी आतून फिकट दिसते का? मूल खडू, माती, कच्चे तांदूळ खातं का? अशा मुलांच्या रक्तात लोह कमी असण्याची शक्यता असते. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. ती पोटात जाते की खिडकीबाहेर, हे मुलं तुम्हाला सहज सांगतील.

मुलाचा पूर्ण दिवसही विचारा. या वयात ९ ते १२ तास झोप लागते. फजरनंतर मकतब, मग शाळा, मग घरचं काम, मग तुमचा वर्ग, आणि एका खोलीत रात्री बारापर्यंत टीव्ही. असं मूल संध्याकाळी सात वाजता पेंगत असेल तर त्याला आळशी कसं म्हणणार? रमजानमध्ये सहरीला उठलेलं, पहिलाच रोजा ठेवलेलं मूल दुपारनंतर गप्प असेल, तर नोंदीपुढे ‘रमजान’ असं लिहा. नाहीतर त्या महिन्यावरून आपण वर्षभराचा निष्कर्ष काढू.

वयात येण्याचे बदल मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात केव्हाही सुरू होतात. त्यामुळे एकाच बाकावर एक मुलगी लहान आणि दुसरी मोठी दिसते. त्यावर कुणी हसत असेल तर तिथेच थांबवा. सहावीतल्या एका मुलीची नोंद मला आठवते. वर्गावरच्या आपानं तिचे शाळेतले गैरहजेरीचे दिवस कॅलेंडरवर मांडले, तर दर महिन्याला चार दिवसांचा गठ्ठा दिसला. मुलगी ‘पोट दुखतं’ एवढंच सांगायची. घरचे म्हणत होते, एवढी बुडते तर बसू दे घरी. आपानं एकटीला विचारलं तेव्हा कळलं की शाळेच्या शौचालयाला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. चार आया मिळून मुख्याध्यापकांना भेटल्या. कडी बसली, पाण्याची टाकी भरली जाऊ लागली. आज ती मुलगी नववीत आहे.

मनाचं काय? ते आपल्याला थेट दिसत नाही, दिसतो तो बदल. रोज बडबड करणारं मूल पंधरा दिवस गप्प. गप्प असणारं अचानक मारामारीवर. नखं खाणं, दर सोमवारी पोटदुखी, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं. मोठ्यांचं दुःख डोळ्यांतून येतं, मुलांचं बरेचदा रागातून येतं. म्हणून आधीची नोंद असली पाहिजे. आधी मूल कसं होतं हे माहीत नसेल तर बदल ओळखायचा कसा?

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी सहा ते बारा या वयाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. या वयात मुलाचा सगळा झगडा ‘मला जमतं’ आणि ‘मी इतरांपेक्षा कमी आहे’ या दोहोंमध्ये असतो. म्हणून प्रत्येक मुलाला काय जमतं, याची एक तरी नोंद तुमच्या वहीत हवी. पतंगाला कन्नी बांधणं, दुकानाचा हिशेब, लहान भावाला गप्प करणं, काहीही चालेल. ती नोंद त्याला वाचून दाखवा.

आपल्या मुलांच्या बाबतीत दोन गोष्टी जास्त लक्ष देऊन पाहाव्या लागतात. पहिली भाषेची. घरी दखनी किंवा हिंदी बोलणारं मूल मराठी शाळेत पहिली काही वर्षं कमी बोलतं. त्याला मठ्ठ ठरवण्याआधी त्याच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा आणि किती वाक्यं बोलतं ते मोजा. दुसरी भीतीची. मोबाइलवरचे व्हिडिओ मुलं पाहतात, खेळताना कुणी धर्मावरून चिडवलेलं ऐकतात, आणि घरी येऊन सांगत नाहीत. एका नऊ वर्षांच्या मुलानं चित्र काढायच्या तासाला स्वतःचं नाव खोडून दुसरं नाव लिहिलं होतं. अशा वेळी भाषण देऊ नका. ‘हे नाव का आवडलं?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

तिसरी बाजू, चार जणांत मिसळण्याची. ही वर्गात कमी आणि मधल्या सुट्टीत जास्त दिसते. वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं दाराशी उभे राहा. कोण कुणाबरोबर जातं? खेळात कुणाला नेहमी चेंडू आणायला पाठवतात? हरल्यावर कोण खेळ सोडतं? नियम कोण ठरवतं? जेकब मोरेनो यांनी १९३०च्या दशकात एक सोपी पद्धत रूढ केली. प्रत्येक मुलाला एकटं विचारायचं, तुला कुणाशेजारी बसायला आवडेल? मग कागदावर नावांची वर्तुळं काढून बाण काढायचे. ज्या वर्तुळाकडे एकही बाण येत नाही, ते मूल तुम्हाला सापडतं. ‘कोण आवडत नाही’ हे मात्र कधी विचारू नका, आणि तो कागद मुलांना दाखवू नका. त्या एकट्या मुलाला एखाद्या समजूतदार जोडीदाराबरोबर काम द्या आणि महिन्यानं पुन्हा बाण काढा. दहा-अकरा वर्षांच्या मुली खेळातून केव्हा बाहेर पडतात, हेही पाहा. कडेवर धाकटं भावंडं घेऊन जी कडेला उभी असते, तिच्या नावापुढे ‘खेळत नाही’ असं लिहिलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

आता आपल्या मर्यादा. आपण डॉक्टर नाही. मूल अक्षरं उलटी लिहितं म्हणून ‘याला डिस्लेक्सिया आहे’ असं आईला सांगून मोकळं होऊ नका. काय दिसलं ते सांगा आणि योग्य दार दाखवा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यातलं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये मुलांची तपासणी करतं आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या उपचारांसाठी पाठवतं. पथक शाळेत कधी येणार हे विचारून ठेवा आणि तुमची नोंद पालकांच्या हाती द्या. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, रीतसर तपासणी झाली तर मुलाला परीक्षेत सवलती मिळतात. मुलाला कुणी मारतंय किंवा त्याच्याशी घाणेरडं वागतंय अशी शंका आली तर मुलाची उलटतपासणी करू नका. त्याचं शांतपणे ऐकून घ्या, त्याच्याच शब्दांत लिहा आणि १०९८ या बाल मदतवाहिनीवर कळवा. हे कुणाला सांगणार नाही असं वचन मुलाला देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही.

पालकांशी बोलताना आधी मुलाला काय जमतं ते सांगा. मग विचारा, ‘घर पे भी ऐसा होता है क्या?’ आई मुलाला तुमच्यापेक्षा जास्त ओळखते. तिच्याकडून माहिती घ्यायला गेलात तर ती बोलेल, तक्रार घेऊन गेलात तर मुलाला मार बसेल. आणि ही वही कुलपात ठेवा. तिचा फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये.

हे सगळं वीस मुलांसाठी एकदम जमणार नाही. उद्यापासून पाच मुलं निवडा. त्यात तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास देणारं एक असू द्या. आणि एक असं असू द्या, ज्याच्याबद्दल आत्ता तुम्हाला एक वाक्यही सांगता येणार नाही. ज्या मुलाचा कुणाला त्रास नसतो, ते शाळेतून गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. रोज वर्ग संपल्यावर पाच मिनिटं, चार आठवडे लिहा. पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. तेव्हा मी तुम्हाला ‘मूल कसं आहे?’ असं विचारणार नाही. ‘काय पाहिलंत?’ एवढंच विचारेन.