दोन शाळांची पोरगी



दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यातून बिऱ्हाडं निघतात. कोणी ऊसतोडीला, कोणी वीटभट्टीवर, कोणी शहरात बांधकामावर. आमच्या गटातल्या एका ताईची पोरगी चौथीत असताना अशीच गेली. तिकडच्या शाळेत चार महिने बसली. होळीनंतर परत आली, तर इथं हजेरीपटावर सारखी गैरहजर आणि तिथं पटावर नाव चढलंच नव्हतं. दोन शाळा, पण पोरगी एकीचीही नाही.

गावची शाळा जिल्हा परिषदेची, शहरातली पालिकेची. साहेब वेगळे, रजिस्टरं वेगळी. कायदा मात्र दोघींना एकच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ सांगतं की, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे स्थानिक प्राधिकरणानं पाहायचं. त्यात जिल्हा परिषद आली, तशी पालिकाही आली. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. तेव्हा आम्हाला हे ठाऊक असतं तर भांडलो असतो.

दोन शाळांना जोडणारा कागद म्हणजे शिक्षण हमी पत्रक. निघताना गावच्या शाळेतून घ्यायचं, तिकडं दाखवायचं. परत येताना तिकडून आणायचं.

दुसरी वाट हंगामी वसतिगृहाची. त्यात मूल गावीच, आजी-आजोबांजवळ राहू शकतं आणि जेवणाची सोय होते. आजीला दिसत नसेल, पोरगी मोठी असेल, तर रात्रीचं काय, हेही बघावं लागतं. हे वसतिगृह चालवायचं शाळा व्यवस्थापन समितीनं. समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. खोटं कशाला बोला, आम्ही बरेच दिवस नुसती सही करून, चहा पिऊन यायचो. अनुदान किती आलं, किराण्याला किती गेलं, हे विचारायचा हक्क समितीला आहे, ते आता कळलं.

यंदा दसऱ्याआधीच्या सभेत आम्ही यादी करायला लावली. मुकादमाकडून कोणी उचल घेतली, हे गुरुजींच्या आधी आम्हा बायकांना कळतं. म्हणून नावं आम्हीच सांगितली. कोण जाणार, कुठं जाणार, मागं कोण आणि कोणाजवळ राहणार.

त्या ताईच्या पिशवीत आता आधारकार्डाशेजारी हमी पत्रक आहे. तिकडच्या बाईंनी पटावर नाव घेतलं की फोन करते म्हणाली. आम्ही वाट बघतोय.