अरण्यमार्ग व नवशिका सारथी

क्वीन्सलँडमधील गारी बेट, २०२३ पर्यंतचें फ्रेझर बेट, वाळूचें बनलेलें आहे. तेथील वनांतल्या वाटाहि वाळूच्याच. चारहि चाकें इंजिनानें फिरतील अशीच गाडी तेथें न्यावी लागते. नवशिक्यानें प्रथम चाकांतील हवा थोडी कमी करावी. टायर पसरून भार विभागला जातो. चाकें जागींच फिरूं लागलीं तर वेग वाढवूं नये; गाडी अधिकच रुतते. थांबावें, वाळू उपसावी, आल्या चाकोरीनें मागें यावें. ऑस्ट्रेलियाच्या निर्जन अंतर्भागांत हाच संयम प्राण वांचवितो. तेथें मोटार बंद पडल्यास पाण्याचा सांठा जपून सावलींत बसावें, मदत शोधीत पायीं निघूं नये. कारण शोधकांच्या विमानांतून एकट्या माणसापेक्षां मोटार लवकर दिसते.