मेंदूतील रक्तवाहिनीची भिंत

(मंडळाच्या कार्यक्रमात सांगवी येथे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही या विषयावर बोलतो, कारण आमच्या नात्यातील एका भगिनीच्या मेंदूतील धमनीला फुगा असल्याचे तपासणीत आढळले. फुगा लहान आहे, सध्या शस्त्रक्रिया नको, ठरावीक काळाने तपासत राहू, असे डॉक्टरांनी सांगितले. घरात मात्र ‘आता काही खरे नाही’ अशी कळा पसरली. तेव्हापासून जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या तालुक्यातून नीरा डावा कालवा जातो. जिथे चारी फुटते, त्या कोपऱ्यावर पाण्याचा मार बसतो आणि माती झिजते. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. तिथे जिथे फाटे फुटतात, तिथेच हे फुगे बहुधा येतात. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. मेंदूतील धमन्यांची भिंत इतर धमन्यांपेक्षा पातळ असते. रक्ताच्या माऱ्याने आतला लवचीक पडदा तुटतो, मधला स्नायूंचा थर विरळ होतो आणि भिंत बाहेर फुगते. परंतु ही भिंत मातीची नाही, जिवंत आहे. तिच्या पेशी सतत डागडुजी करीत असतात. झीज आणि दाह डागडुजीपेक्षा वाढला, की फुटण्याचा धोका वाढतो.

शंभर प्रौढांमागे सुमारे तिघांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा तो कधीच फुटत नाही. म्हणून घाबरण्यापेक्षा भिंत जपणे महत्त्वाचे.

पहिली गोष्ट रक्तदाब. वारंवार १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो वाढलेलाच समजावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोफत तपासतात. ‘बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करू नये; वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. त्यात लोणचे-पापडातले मीठही आले.

दुसरी गोष्ट तंबाखू. बिडी-सिगारेटने फुगा होण्याचा आणि फुटण्याचाही धोका वाढतो. मिश्री आणि गायछाप मळणाऱ्यांनी ‘आम्ही धूर काढत नाही’ म्हणू नये. निकोटिन त्यातही आहे आणि ते रक्तदाब वाढवते. हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो, हे मिश्री लावणाऱ्या माता-भगिनींनी ध्यानात घ्यावे. अति मद्यपानही तितकेच घातक.

आई-वडील, भावंडे, मुले यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडात अनेक गाठी होण्याचा आनुवंशिक विकार असेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. फुगा विरघळवणारी गोळी किंवा काढा मात्र अजून निघालेला नाही. तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नका.

उपाय आहेत. १९३७ मध्ये अमेरिकेतील डॉ. वॉल्टर डँडी यांनी फुग्याच्या मानेला चिमटा लावला. १९९० च्या दशकापासून जांघेतून बारीक नळी नेऊन फुग्यात धातूची तार भरण्याची पद्धत रूढ झाली. कोणाला काय करायचे, हे फुग्याचा आकार, जागा आणि वय पाहून ठरते.

शेवटी विद्यार्थ्यांना एक विनंती. घरात कोणाचे डोके अचानक, आयुष्यात कधी दुखले नव्हते इतके दुखले, मान ताठली, उलटी झाली, शुद्ध हरपली, तर उन्हाची तिरीप, पित्त किंवा बाहेरची बाधा म्हणून वेळ घालवू नका. मनाने ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्त गोठण्यास अडथळा येतो. १०८ ला फोन करा आणि मेंदूचा सीटी स्कॅन होईल अशा रुग्णालयात न्या. एकदा फुटलेला फुगा पहिल्या चोवीस तासांत पुन्हा फुटण्याची भीती सर्वाधिक असते. खर्चाच्या धास्तीने थांबू नका; महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करा.

आमच्या त्या भगिनीने मिश्री सोडली आहे आणि रक्तदाबाची गोळी ती एक दिवसही चुकवीत नाही. आज इथून घरी जाताना प्रत्येकाने निदान आपल्या आईचा रक्तदाब तपासून घेण्याचे ठरवावे.